डीएनए दिसावा म्हणून लावलेला रंग डीएनएला किती बदलतो?

धूसर_बिंदू

गेले काही महिने मी डीएनएच्या एकेका रेणूची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत आहे. नमुना नेहमीचाच, म्हणजे लॅम्डा फाज या जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूचा डीएनए. त्यात ४८,५०२ बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, असतात, आणि लगतच्या दोन जोड्यांमधले अंतर ०.३४ नॅनोमीटर धरले तर अख्ख्या रेणूची लांबी साधारण १६.५ मायक्रोमीटर यायला हवी. रेणूचे एक टोक काचेला बांधून मी तो प्रवाहात ताणतो. माझी मोजमापे मात्र २० च्या आसपास येतात. त्यातही काही रेणू १८ वर थांबतात, तर काही २१ च्या पुढे जातात. सूक्ष्मदर्शकाचे मापनांकन मी तीनदा तपासले आणि चूक तिथे नाही याची खात्री करून घेतली. डीएनए दिसावा म्हणून त्यात योयो-१ हा अनुस्फुरक डाय मिसळलेला असतो, पाच बेसजोड्यांमागे एक रेणू या प्रमाणात.

याच सुमारास एका सहकाऱ्याने तेच प्लाझ्मिड (जिवाणूंमधला छोटा वर्तुळाकार डीएनए) दोन जेलांवर, म्हणजे विजेच्या ओढीने डीएनए वेगवेगळा करणाऱ्या थरांवर, चालवले. एका जेलमध्ये इथिडियम ब्रोमाइड हा डाय आधीपासून घातलेला होता, दुसरे जेल चालवून झाल्यावर रंगवले. दोन्हींत बँडची जागा वेगळी आली, इतकेच नव्हे तर बँडचा क्रमही बदलला. डायला मी आजवर त्रयस्थ साक्षीदार समजत आलो. आता तो पक्षकारच असावा असा संशय येतो आहे. डाय डीएनएला नेमका कसा चिकटतो, आणि त्यामुळे डीएनएच्या वागण्यात किती फरक पडतो, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

पीळदार

तुमचा संशय रास्त आहे, आणि लांबीचे कोडे त्यातल्या त्यात सोपे आहे. इथिडियम, प्रोफ्लेविन, ॲक्रिडीन ऑरेंज यांसारखे डाय सपाट असतात. त्यांची वलये जवळपास बेसजोडीएवढीच रुंद असल्याने ती दोन लगतच्या बेसजोड्यांच्या मध्ये शिरतात. या शिरकावाला इंटरकॅलेशन म्हणतात आणि ही कल्पना लेर्मन यांनी १९६१ मध्ये मांडली. वह्यांच्या गठ्ठ्यात एखादे पुठ्ठे सरकवले तर गठ्ठा पुठ्ठ्याच्या जाडीएवढा उंच होणारच. इथेही प्रत्येक शिरकावामागे रेणू सुमारे ०.३४ नॅनोमीटरने, म्हणजे जवळजवळ एका बेसजोडीच्या जागेएवढा, लांबतो.

पण उपमा इथे संपते, कारण डीएनए हा नुसता गठ्ठा नसून पिळलेली शिडी आहे. दोन जोड्यांमध्ये फट पडायची तर शिडीच्या दोन्ही बाजूंचे साखर-फॉस्फेटचे कणे ताणले जावे लागतात, आणि हा ताण तिथला पीळ सैल करून निभावला जातो. साध्या बी-रूपात एका बेसजोडीकडून पुढच्या जोडीकडे जाताना सुमारे ३४ अंशांचा पीळ असतो. इथिडियमचा एक रेणू शिरला की त्यातले २६ अंश निघून जातात. या आकड्यालाही इतिहास आहे. १९६४ मधल्या प्रतिकृतीवरून तो १२ अंश मानला जात असे. जेम्स वांग यांनी १९७४ मध्ये तो २६ आहे असे दाखवले, आणि त्यासरशी तोवर इथिडियमच्या आधारे काढलेले सुपरकॉइलचे (वर्तुळाकार रेणूने स्वतःभोवती घेतलेल्या वेटोळ्यांचे) सगळे आकडे दुपटीहून अधिक वाढवून घ्यावे लागले. मोजपट्टीच चुकीची निघाली की असे होते.

आणखी एक बंधन लक्षात घ्यावे. एका फटीत डाय बसला की लगतची फट सहसा रिकामी राहते. त्यामुळे कितीही डाय ओतला तरी दोन बेसजोड्यांमागे एकाहून अधिक सपाट वलय मावत नाही, आणि इंटरकॅलेशनने होणारी वाढ तत्त्वतः दीडपटीवर अडते. प्रत्यक्षात ती त्याआधीच थांबते.

तुमचा योयो-१ म्हणजे ऑक्झॅझोल यलो या सायानिन डायची दोन एकके एका साखळीने जोडून केलेली जोडगोळी आहे. त्याची दोन्ही एकके शिरतात, म्हणून एका योयो रेणूमागे लांबी साधारण ०.६८ नॅनोमीटरने वाढते.

वर्णपट

पीळदार यांच्या प्रतिसादाला प्रकाशाची बाजू जोडतो, कारण मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे.

मोकळा इथिडियम पाण्यात जवळजवळ विझलेला असतो. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला त्याचा रेणू आपल्या अमिनो गटांवरचा प्रोटॉन भोवतालच्या पाण्याला देऊन टाकतो आणि मिळालेली ऊर्जा प्रकाश न देताच खर्चतो. त्याची उत्तेजित अवस्था जेमतेम १.८ नॅनोसेकंद टिकते. तोच रेणू बेसजोड्यांच्या मध्ये बसला की पाण्यापासून बराचसा वाचतो, हा काळ २२ नॅनोसेकंदांच्या आसपास जातो आणि प्रकाश वीसहून अधिक पटींनी वाढतो. साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतले तर मोकळ्या इथिडियमचाही प्रकाश लक्षणीय वाढतो. दोष प्रोटॉनच्या देवघेवीचा आहे याचा हा चांगला पुरावा.

सायानिन डायची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या रेणूत दोन वलयप्रणाली एका लवचीक पुलाने जोडलेल्या असतात. मोकळ्या अवस्थेत उत्तेजित रेणू या पुलाभोवती गरकन वळतो आणि ऊर्जा त्या वळण्यात जिरते. डीएनएत अडकल्यावर वळायला जागा उरत नाही, म्हणून ऊर्जेला प्रकाशाचीच वाट धरावी लागते. योयो-१ किंवा सायबर ग्रीन-१ यांचा प्रकाश बांधले गेल्यावर हजारपटीहून अधिक वाढतो तो यामुळे.

माझा मुद्दा असा की ज्या पकडीमुळे डाय उजळतो त्याच पकडीमुळे डीएनएचा आकार बदलतो. या दोन स्वतंत्र घटना नाहीत. डीएनएला धक्का न लावता नुसता उजळणारा इंटरकॅलेटर मागणे म्हणजे ओले न होता पोहायला मागणे होय. सूक्ष्मदर्शकाखाली जो भाग आपल्याला सर्वांत ठळक दिसतो, तोच सर्वाधिक बदललेला असतो.

मितभाषी

मग डाय बेसजोड्यांमध्ये न शिरवता टोकाला सहसंयुज बंधाने जोडला तर? तेव्हा तरी तो त्रयस्थ राहील का?

वर्णपट

लांबी आणि पीळ यांच्या दृष्टीने बऱ्याच अंशी होय, कारण हजारो बेसजोड्यांमागे एक किंवा दोनच डाय असतात. तरीही निर्धास्त राहू नये. सीवाय-३ आणि सीवाय-५ हे डाय पेडाच्या एका (५-प्राइम) टोकाला जोडले असता ते मोकळे लोंबकळत नाहीत, तर दुपेडी रेणूच्या टोकावर एखाद्या जादा बेसजोडीसारखे झाकण होऊन बसतात असे रचनांवरून दिसले आहे. दोन डायमधल्या ऊर्जासंक्रमणावरून अंतर काढणाऱ्यांना याची दखल घ्यावीच लागते. शिवाय धूसर_बिंदू यांना अख्खा दोर दिसायला हवा आहे, नुसती टोके नव्हेत.

पीळदार

आता प्लाझ्मिडविषयी. माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच आहे, त्यामुळे थोडे लांबण लागेल.

प्लाझ्मिड हे बंद वर्तुळ असते. दोन्ही पेड (शिडीच्या दोन बाजू) अखंड असताना एक पेड दुसऱ्याभोवती एकूण किती वेळा गुंफला आहे ही संख्या काही केल्या बदलत नाही. ती बदलायची तर किमान एक पेड तोडावा लागतो. ही गुंफण दोन रूपांत दिसते, दुपेडी रेणूचा अंगचा पीळ आणि अख्ख्या रेणूने स्वतःभोवती घेतलेली वेटोळी. दोन्हींची बेरीज कायम असल्यामुळे एक घटले की दुसऱ्याने भरपाई करायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे म्हणतात. इथे सुंभ न जळताही पीळ जातो, पण तो वेटोळ्यांच्या रूपाने दुसरीकडे डोके वर काढतो.

जिवाणूंपासून मिळालेले प्लाझ्मिड मुळात काहीसे कमी गुंफलेले असते, म्हणजे त्यात ऋण सुपरकॉइल असतात. पीबीआर३२२ घ्या. त्यात ४,३६१ बेसजोड्या आहेत, १०.५ जोड्यांमागे एक फेरा धरला तर सुमारे ४१५ फेरे होतात. गुंफणीची तूट साधारण ६ टक्के धरली तर सुमारे २५ ऋण वेटोळी मिळतात. आता इथिडियम घालू लागलो की प्रत्येक रेणूमागे २६ अंशांचा पीळ सुटतो आणि तेवढ्याच प्रमाणात ऋण वेटोळी उलगडतात. २५ गुणिले ३६० भागिले २६ म्हणजे जवळपास ३४६ रेणू बांधले गेले की प्लाझ्मिड पूर्ण सैल वर्तुळ होते. हे प्रमाण तेरा बेसजोड्यांमागे एक रेणू इतके माफक आहे. त्यापुढेही डाय शिरत राहिला तर वेटोळी उलट दिशेने, म्हणजे धन होऊन, पडू लागतात.

यातून बांधणीच्या ऊर्जेचाही उलगडा होतो. सुरुवातीला प्रत्येक इथिडियम प्लाझ्मिडचा आधीचा ताण हलका करतो, त्यामुळे बंद वर्तुळात तो साध्या सरळ डीएनएपेक्षाही सहज शिरतो. सैल वर्तुळाचा टप्पा ओलांडला की प्रत्येक नवा रेणू ताण वाढवतो आणि बंद वर्तुळ दार लावून घेऊ लागते. तुटके किंवा सरळ रेणू मात्र डाय घेतच राहतात. इथिडियम बांधल्याने डीएनएची तरंगघनता कमी होते. म्हणून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात भरपूर इथिडियमसह डीएनए वेगाने फिरवला तर कमी डाय घेतलेली बंद वर्तुळे खाली आणि तुटके रेणू वर असे दोन पट्टे पडतात. रॅडलॉफ, बाउअर आणि विनोग्राड यांनी १९६७ मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे कित्येक वर्षे प्लाझ्मिड शुद्ध करण्याचा तोच राजमार्ग होता. रंगाने डीएनएत केलेला बदल हाच तिथे उपयोगाचा ठरला.

जेलमधला_कैदी

मी रोज जेल चालवणारा माणूस आहे, त्यामुळे सहकाऱ्याच्या दोन जेलांविषयी बोलतो.

नंतर रंगवलेल्या जेलमध्ये प्लाझ्मिड आपल्या नैसर्गिक वेटोळ्यांसह धावले. इथिडियम घातलेल्या जेलमध्ये ते धावता धावताच डाय घेत होते, त्यामुळे वेटोळी किती आणि कोणत्या दिशेची हे डायच्या प्रमाणावर ठरले. नेहमीच्या ०.५ मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटर प्रमाणाला बंद वर्तुळे सहसा धन बाजूला जातात. दोन्ही जेलांत वेटोळी वेगळी, म्हणून रेणूचा आटोपशीरपणा वेगळा, आणि म्हणून वेगही वेगळा. सहकाऱ्याने कोणत्याही एका जेलला चूक ठरवू नये. दोन्ही जेल खरे बोलत आहेत, फक्त दोन वेगळ्या रेणूंविषयी.

सरळ तुकड्यांनाही यातून सुटका नाही. इथिडियमवर धन भार असतो, तो डीएनएचा काही ऋण भार झाकतो. शिवाय रेणू लांबतो. दोन्ही कारणांनी तुकडा मंदावतो. डाय आणि डीएनए विरुद्ध टोकांकडे निघालेले असतात हेही विसरू नये. जेल बराच वेळ चालले की मोकळा इथिडियम ऋण विद्युतअग्राकडे सरकून जातो, खालच्या भागात त्याचा तुटवडा पडतो आणि तळाचे छोटे तुकडे फिके दिसतात. नवशिके त्यावरून तुकडा बनलाच नाही असा निष्कर्ष काढतात. मीही एकदा काढला होता, आणि आठवडाभर त्यापायी फुकट घालवला.

खाचखळगे

आतापर्यंतची सगळी चर्चा शिरणाऱ्या डायविषयी झाली. न शिरता डीएनएच्या अंगाला लगटून बसणारा दुसरा मोठा गट आहे: डॅपी, हेक्स्ट ३३२५८ आणि हेक्स्ट ३३३४२. पेशीकेंद्रकाची निळी चित्रे पाहिली असतील ती यांचीच. डॅपी ३५८ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि ४६१ च्या आसपास देतो.

दुपेडी रेणूच्या पिळामुळे त्याच्या अंगावर दोन खाचा तयार होतात, एक रुंद आणि एक अरुंद. हे डाय चंद्रकोरीसारखे किंचित वाकलेले असतात आणि अरुंद खाचेत तिच्या वळणाला धरून बसतात. त्यांना ॲडेनीन आणि थायमीन लागोपाठ आलेला पट्टा आवडतो, आणि त्यामागे सरळ रचनात्मक कारण आहे. ग्वानीनचा एक अमिनो गट अरुंद खाचेत डोकावतो आणि डायला तळापर्यंत जाऊ देत नाही. ए-टी पट्ट्यात तो अडथळा नसतो, खाच अधिक अरुंद असल्यामुळे दोन्ही भिंती डायला बिलगतात, आणि तिथला ऋण विभवही डायच्या धन भाराला ओढतो. सीजीसीजीएएटीटीसीजीसीजी या बारा बेसच्या तुकड्यात हेक्स्ट ३३२५८ नेमका कुठे बसतो हे १९८७ मध्ये स्फटिकरचनेवरून दिसले.

हे डाय रेणूला इंटरकॅलेटरसारखे लांबवत नाहीत आणि पीळही फारसा सोडवत नाहीत. म्हणून ते निरुपद्रवी ठरतात असे नाही. ते दोन्ही पेडांना धरून ठेवतात, त्यामुळे ए-टी समृद्ध भाग वितळायला, म्हणजे त्याचे पेड सुटे व्हायला, अधिक तापमान लागते. खाच अडवल्यामुळे तिथे बसू पाहणारी प्रथिनेही अडतात. आणि मोजमापाच्या दृष्टीने मोठी अडचण अशी की त्यांचा उजेड डीएनए किती आहे यावरच नव्हे, तर त्यात ए-टी किती आहे यावरही ठरतो. दोन जातींच्या जीनोमचा आकार डॅपीच्या उजेडावरून ताडायला गेलात आणि त्यांचे बेस-प्रमाण वेगळे असेल तर उत्तर हमखास चुकते. म्हणून अशा कामाला प्रोपिडियम आयोडाइड वापरतात. तो इंटरकॅलेटर असल्याने बेसबाबत फारसा निवडक नाही. मात्र तो आरएनएलाही चिकटतो, म्हणून आधी आरएनेझ या विकराने आरएनए साफ करावा लागतो.

हीच पसंती दुसरीकडे वरदान ठरली. कॅस्पर्सन आणि सहकाऱ्यांनी १९६८ ते १९७० या काळात क्विनाक्रीन मस्टर्डने गुणसूत्रे रंगवली आणि प्रत्येक गुणसूत्रावर त्याचे स्वतःचे पट्टे उमटले. क्विनाक्रीन खरे तर इंटरकॅलेटर आहे आणि तो ए-टी, जी-सी असा फारसा भेद न करता शिरतो, पण शेजारी ग्वानीन असला की त्याचा उजेड मावळतो. म्हणून ए-टी समृद्ध भागच चमकतो. डाय कुठे बसला आहे आणि तो कुठे उजळला आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे ध्यानात ठेवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

धूसर_बिंदू

सर्वांचे आभार. पीळदार यांचा आकडा घेऊन मी हिशेब केला. पाच बेसजोड्यांमागे एक योयो म्हणजे सुमारे ९,७०० रेणू, प्रत्येकी ०.६८ नॅनोमीटर धरले तर वाढ ६.६ मायक्रोमीटर, आणि एकूण लांबी २३.१ यायला हवी. मला २० मिळते. मग उरलेले तीन मायक्रोमीटर कुठे गेले? आणि एकाच नळीतल्या रेणूंमध्ये १८ ते २१ एवढी तफावत का?

स्प्रिंग

तीन मायक्रोमीटरची जबाबदारी दोघांवर वाटून टाकावी लागेल. पहिली गोष्ट, घातलेला डाय आणि बांधला गेलेला डाय एक नव्हेत. काही डाय मोकळा राहतो, काही नळीच्या आणि काचेच्या पृष्ठभागाला चिकटतो. योयोचे चारही धन भार डीएनएच्या ऋण भाराला धरून ठेवतात, त्यामुळे बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) मीठ अधिक असले तर पकड सैल होते. दुसरी गोष्ट, एका टोकाला बांधून प्रवाहात ताणलेला रेणू सगळीकडे सारखा ताणलेला नसतो. बांधलेल्या टोकाशी ताण सर्वाधिक असतो आणि मोकळ्या टोकाशी तो शून्य होतो, त्यामुळे शेपटी नेहमीच थोडी गोळा झालेली राहते. तुमचे २० हे त्या रेणूच्या खऱ्या लांबीहून कमीच आहेत.

तफावतीचे कारण वेगळे आहे आणि ते योयोच्या चिवटपणात आहे. इथिडियमचा रेणू सेकंदाच्या लहानशा अंशात आत-बाहेर करतो, त्यामुळे थोड्या वेळात सगळ्यांना सारखी वाटणी होते. योयोची दोन्ही एकके एकदम सुटल्याशिवाय तो निघत नाही, म्हणून एकदा बसला की तासन्‌तास हलत नाही. मिसळताना ज्या रेणूंची गाठ डायशी आधी पडली त्यांनी तो भरभरून घेतला आणि उरलेल्यांना उरलेसुरले मिळाले. अशा दुहेरी शिरकाव करणाऱ्या डायमुळे एकाच लांबीच्या तुकड्याचे जेलवर दोन बँड पडतात, हे १९९५ च्या सुमारास नोंदवले गेले आहे. त्यावरचा उपायही तेव्हाच मिळाला: मिश्रण ५० अंश सेल्सिअसला सुमारे दोन तास ठेवावे, म्हणजे डायची नव्याने वाटणी होते.

जाता जाता ताणाचाही उल्लेख करतो. डाय शिरल्याने रेणू लांबतो, म्हणून उलट बाजूने रेणू ओढला तर डायला शिरणे सोपे होते. ३० पिकोन्यूटन बलाने ओढलेल्या रेणूत एक इथिडियम शिरताना ते बल ३० गुणिले ०.३४, म्हणजे सुमारे १० पिकोन्यूटन-नॅनोमीटर इतके कार्य करते. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा त्याच एककात ४.१ आहे. या दोन्हींच्या गुणोत्तरावरून, घातांकी नात्याने, बांधणीचा स्थिरांक जवळपास बारा पटींनी वाढतो. डाय नसताना डीएनए ६५ पिकोन्यूटनच्या आसपास अचानक १.७ पट लांब होतो. भरपूर इथिडियम असेल तर ती ठळक पायरी पुसट होत जाते, कारण लांबण्याची सोय डायने आधीच करून ठेवलेली असते.

मितभाषी

डायमुळे डीएनए ताठर होतो असेही वाचले आहे. ते खरे का?

स्प्रिंग

त्यावर एकवाक्यता नाही, आणि मला ठाम विधान करणे धाडसाचे वाटते. डीएनएचा ताठरपणा ज्या लांबीने मोजतात ती साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे १५० बेसजोड्यांची असते. डाय घातल्यावर ती वाढते, घटते आणि बदलत नाही, असे तिन्ही प्रकारचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. डाय, मीठ आणि प्रमाण प्रत्येकाचे वेगळे होते हे एक कारण. दुसरे कारण वर आलेच आहे: मोजताना रेणू ओढला जातो, ओढला की डाय अधिक शिरतो, आणि मग सुरुवातीला होता तो रेणू शेवटी राहत नाही. प्रत्येक बलाला डायला समतोल साधायला पुरेसा वेळ देऊन योयोवर केलेल्या मोजमापांत लांबी बरीच वाढली, पण ताठरपणात विशेष फरक पडला नाही. मी त्या निष्कर्षाकडे झुकतो.

मितभाषी

सजीवांतल्या परिणामांचा उल्लेख राहून गेला, तो थोडक्यात करतो. क्रिक, ब्रेनर, बार्नेट आणि वॉट्स-टोबिन यांनी १९६१ मध्ये जनुकीय संकेत तीन-तीन बेसचा आहे हे दाखवले, तेव्हा त्यांनी टी-४ फाजमधली जी उत्परिवर्तने वापरली ती प्रोफ्लेविनने घडवलेली होती. या डायमुळे एखादा बेस वाढतो किंवा गळतो आणि पुढचे सगळे वाचन सरकते. एक किंवा दोन बेस वाढले तर जनुक निकामी होते, तीन वाढले तर वाचन पुन्हा मार्गावर येऊ शकते. म्हणजे डाय डीएनएला बिघडवतो या गुणावरच त्या प्रयोगाची मदार होती. टोपोआयसोमरेज या पीळ सोडवणाऱ्या विकरांनाही हे रेणू छळतात. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध स्वतः लालसर उजळणारा इंटरकॅलेटर आहे, आणि विकराने तोडलेला डीएनए पुन्हा जोडू न देणे हा त्याच्या मारकपणाचा मोठा भाग आहे.

खाचखळगे

त्याच न्यायाने पीसीआरमधले (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीतले) पॉलिमरेज हे प्रती करणारे विकरही अडते. सायबर ग्रीन-१ प्रमाणाबाहेर घातला तर प्रतिक्रिया मंदावते किंवा बंद पडते, म्हणून तो नेहमी डीएनए संपृक्त होणार नाही इतपतच घालतात. मग तापमान वाढवत पेड सुटे होताना पाहणाऱ्या वितळण-आलेखात दुसरी गंमत होते. आधी वितळलेल्या तुकड्यातून सुटलेला डाय अजून दुपेडी असलेल्या तुकड्यावर जाऊन बसतो, त्यामुळे लवकर वितळणाऱ्या तुकड्याचे शिखर खुजे दिसते. एका बेसच्या फरकावरून नमुने ओळखायचे असतील तर अधिक प्रमाणातही पॉलिमरेजला न अडवणारे डाय घ्यावे लागतात. एलसी ग्रीन आणि इव्हाग्रीन त्यासाठीच पुढे आले. आणि डायमुळे वितळण्याचे तापमान वर सरकते, तेव्हा डायविना काढलेल्या गणिताशी हा आकडा ताडून पाहू नये.

धूसर_बिंदू

दोन आठवड्यांनी परत येत आहे. स्प्रिंग यांच्या सूचनेप्रमाणे मिश्रण ५० अंशांवर दोन तास ठेवले. रेणूंमधली तफावत निम्म्याहून कमी झाली. त्यानंतर डायचे प्रमाण दहा, वीस आणि चाळीस बेसजोड्यांमागे एक असे घेऊन लांबी मोजली. तिन्ही बिंदू जवळजवळ एका रेषेत आले, आणि ती रेषा डाय शून्य असलेल्या अक्षापर्यंत वाढवली तेव्हा १६ च्या थोडी अलीकडे टेकली. मोकळ्या टोकाची गोळा झालेली शेपटी धरली तर हे मला पटण्यासारखे वाटते. यापुढे मी कोणतीही लांबी लिहिताना डायचे प्रमाण शेजारी लिहिणार आहे.

एक नवी अडचण उभी राहिली. डाय कमी केल्याने चित्र मंद झाले, म्हणून लेझर वाढवला, तर रेणू पाहता पाहता मधोमध तुटू लागले.

वर्णपट

ते डायचेच काम आहे. उत्तेजित योयो विरघळलेल्या ऑक्सिजनला ऊर्जा देऊन त्याची अत्यंत क्रियाशील रूपे बनवतो, आणि ती शेजारच्याच साखर-फॉस्फेट कण्यावर तुटून पडतात. एका पेडातली चीर दिसत नाही. समोरच्या पेडात जवळपास दुसरी चीर पडली की दोर तुटलेला दिसतो. म्हणजे तुटण्याआधी तुमच्या रेणूत कितीतरी अदृश्य चिरा पडलेल्या असतात. सरळ लॅम्डाच्या लांबीत त्यांनी फार फरक पडणार नाही, पण उद्या प्लाझ्मिड पाहायला घेतलेत तर पहिल्याच चिरेसरशी सगळी वेटोळी निघून जातील.

बफरमध्ये ग्लुकोज, ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटलेज घालून ऑक्सिजन काढून टाका, जोडीला थोडे बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घाला आणि लेझर फक्त छायाचित्र घेण्यापुरता उघडा ठेवा. ग्लुकोज ऑक्सिडेजमुळे हळूहळू ग्लुकॉनिक आम्ल साचते, तेव्हा बफरची ताकद पुरेशी ठेवा आणि मिश्रण दर वेळी ताजे करा.

धूसर_बिंदू

कॅटलेज आणले आहे. पुढची मालिका ऑक्सिजन काढून घेतो, आणि वीसास एक या प्रमाणाला रेणू न तुटता किती छायाचित्रे मिळतात ते याच धाग्यात नोंदवतो.